पुण्यात पहिले घर घेताना परवडणारा भाग कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे मी सिंहगड रस्त्याच्या टोकाकडील एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत काम करतो. या काळात नात्यातील, कार्यालयातील आणि ओळखीपाळखीच्या अनेक तरुण जोडप्यांनी पहिले घर घेण्यापूर्वी जे प्रश्न विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांपुरती आहेत.

आम्हाला नेमके किती किमतीचे घर परवडेल?

जाहिरातीतील आकडा ही घराची किंमत नसते, म्हणून आधी पूर्ण हिशेब कागदावर मांडावा. समजा, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील ४४ लाखांची सदनिका तुम्ही पाहिली. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ८ हजार रुपये भरावे लागतात. नोंदणी फी ३० हजार आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असल्यास १ टक्का जीएसटी, म्हणजे ४४ हजार रुपये. हे वरचे ३ लाख ८२ हजार झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ३५ लाख २० हजारांचे मिळेल आणि उरलेले ८ लाख ८० हजार व वरचा खर्च मिळून सुमारे १२ लाख ६२ हजार रुपये तुमच्या हातात असले पाहिजेत. पंखे, दिवे, ओटा आणि खिडक्यांच्या जाळ्या यांचा खर्च यात नाही.

साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर या कर्जाचा हप्ता दरमहा साधारण साडेतीस हजार रुपये येतो. माझ्या मते हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, आणि हा हिशेब दोन पगारांवर मांडला असेल तर त्यांपैकी एक पगार वर्षभर थांबला तरी निभाव लागेल का, हेही तपासावे. पहिले मूल आणि पहिले घर बहुधा एकाच सुमारास येतात.

दोन बारकावे येथे सांगणे आवश्यक आहे. घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, मात्र पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. दुसरा बारकावा जीएसटीचा. १ टक्क्याच्या दरासाठी ४५ लाखांची मर्यादा आहे आणि तीत पार्किंग, विकास शुल्क, सामाईक सुविधांचे पैसे हे सगळे मोजले जाते. ४३ लाख ५० हजारांच्या सदनिकेला दोन लाखांचे पार्किंग जोडले की एकूण रक्कम ४५ लाख ५० हजार होते आणि कर ४३ हजार ५०० रुपयांवरून थेट ५ टक्क्यांच्या दराने २ लाख २७ हजार ५०० रुपयांवर जातो. क्षेत्रफळाची अट मात्र पुण्यात सैल आहे. मुंबई महानगरात ६० चौरस मीटरपर्यंतच्याच घराला ही सवलत आहे, तर पुण्यात ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत, म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेपर्यंत, ती मिळते.

एकाच शहरात एका भागाचा दर दुसऱ्याच्या निम्म्यावर का असतो? स्वस्त भाग वाईटच असतो का?

वाईटच असतो असे मुळीच नाही, परंतु स्वस्ताईला कारण असते आणि ते कारण सापडेपर्यंत टोकन, म्हणजे घर राखून ठेवण्याची आगाऊ रक्कम, देऊ नये, एवढे एक पथ्य पाळावे. कारणे दोन प्रकारची असतात. काही कारणे काळाबरोबर दूर होतात : रस्ता रुंद व्हायचा आहे, जलवाहिनी यायची आहे, शाळा अजून लांब आहे, वस्ती विरळ आहे. काही कारणे मात्र कधीच जात नाहीत किंवा तुमच्या कर्जाच्या मुदतीत जाण्याची शक्यता नसते : जमीन पूररेषेत आहे, लष्कराच्या प्रतिबंधित क्षेत्रात आहे, बांधकामाला परवानगीच नाही, कचरा डेपोच्या वाऱ्याच्या दिशेला आहे. पहिल्या प्रकारच्या कारणामुळे दर कमी असेल तर थोडी वर्षे सोसून चांगले घर मिळते, आणि आज मध्यवस्ती म्हणून ओळखले जाणारे कोथरूड एके काळी असेच शहराबाहेरचे मानले जात होते. दुसऱ्या प्रकारच्या कारणासाठी मिळणारी सूट कितीही मोठी वाटली तरी ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एजंटला दर का कमी आहे असे विचारले, तर बहुतेक वेळा ‘लाँचिंग ऑफर’ असे उत्तर मिळते. हाच प्रश्न त्या परिसरात पाच वर्षे राहणाऱ्या माणसाला विचारावा.

पाण्याची चौकशी नेमकी कशी करावी?

या एका प्रश्नासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ११ गावे आणि २०२१ च्या जूनमध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगाव ही पहिल्या खेपेतील, तर नऱ्हे, वाघोली, पिसोळी, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी ही दुसऱ्या खेपेतील गावे. आज पुण्यात मध्यम उत्पन्नाच्या माणसाला परवडणारी नवी घरे मुख्यतः याच पट्ट्यात आहेत आणि याच पट्ट्यात पाण्याचे हाल अधिक आहेत. २०२५ च्या जानेवारीत गुलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पाणी किती येते याबरोबरच ते कोठून येते आणि शुद्ध होऊन येते का, हा प्रश्न सगळ्या शहरासमोर उभा राहिला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी येते. त्यामुळे तेथे घर घेताना इमारतीची साठवण टाकी दोन दिवस पुरेल एवढी आहे का, हे पाहणे गरजेचे आहे.

टँकरचा भार किती पडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ८४ सदनिकांची इमारत, प्रत्येक घरी चार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर रोज सुमारे ४५ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. एका टँकरला हजार रुपये धरले, तर महिन्याला १ लाख ३५ हजार आणि प्रत्येक घरामागे सुमारे १,६०० रुपये होतात, तेही नेहमीच्या देखभाल शुल्कावर. उन्हाळ्यात दर चढतो आणि पैसे मोजायची तयारी असूनही टँकर वेळेवर येत नाही. आमच्या संस्थेत सुरक्षारक्षकाच्या टेबलावर टँकरची एक वही असते. तीत तारीख, गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ आणि चालकाची सही अशा चार रकाने आखलेल्या ओळी असतात. एप्रिल-मे महिन्यांची पाने उलटली, तर रात्री दीड, पहाटे चार अशा वेळा दिसतात. तुम्ही जेथे घर पाहता त्याच्या शेजारच्या इमारतीत जाऊन, नम्रपणे विनंती करून, अशी वही पाहा. नमुना सदनिकेच्या चकचकीत नळापेक्षा ती वही अधिक खरे सांगते.

याशिवाय तीन गोष्टी लेखी मागाव्यात. महापालिकेच्या नळजोडाची मंजुरी, बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि बांधकाम परवानगी घेताना बिल्डरने पाणीपुरवठ्याबाबत हमीपत्र दिले असल्यास त्याची प्रत. समाविष्ट गावांतील अनेक प्रकल्पांना, महापालिकेचे पाणी येईपर्यंत बिल्डर स्वतः पाणी पुरवील, अशा हमीवर परवानगी मिळालेली आहे. ताबा दिल्यानंतर ही हमी विसरली जाते आणि टँकरचे बिल रहिवाशांच्या माथी येते. हमीपत्राची प्रत हाती असेल, तर किमान भांडायला आधार राहतो.

गाव महापालिकेत आले म्हणजे सुविधाही आल्या, असे समजावे का?

समजू नये. हद्द एका अधिसूचनेने बदलते, तर मलनिस्सारण वाहिनी, पदपथ, पथदिवे आणि विकास आराखड्यातील रस्ते यांना वर्षे लागतात. मोशी, चिखली, रावेत, पुनावळे ही गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली आणि त्यांचे आजचे रुंद रस्त्यांचे रूप दिसायला पुढची दोन दशके जावी लागली. निर्णय उलटाही फिरू शकतो : २०१७ मध्ये पुण्यात घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. मिळकतकर मात्र समावेशानंतर लवकर सुरू होतो, त्यामुळे तो हिशेबात धरावा. स्वतः राहत असलेल्या घरासाठी पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, पण ती अर्ज करून मिळवावी लागते.

मेट्रो येणार म्हणून आज लांबच्या भागात घर घ्यावे का?

धावणाऱ्या मेट्रोसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे, कारण तिचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो. पुण्यात मेट्रोचे पहिले टप्पे २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारी मार्गाने स्वारगेटपर्यंत पोहोचली. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांच्या स्थानकांपासून चालत किंवा एका छोट्या रिक्षाफेरीच्या अंतरावर असलेली जुनी घरे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगतो. दापोडी, कासारवाडी, फुगेवाडी या भागांकडे पहिले घर घेणारे फारसे लक्ष देत नाहीत, आणि तेथील पुनर्विक्रीची घरे झगमगीत नसली तरी रोजचा प्रवास वाचवतात.

नकाशावरच्या मेट्रोसाठी मात्र आज दर मोजू नये. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि २०२५ चे मध्य उलटले तरी त्यावर प्रवासी सेवा सुरू झालेली नव्हती. त्या मार्गाच्या भरवशावर चढा दर देऊन घर घेतलेल्यांनी एवढी वर्षे हप्ताही भरला आणि वाहतूक कोंडीही सोसली.

रोजच्या प्रवासाचा हिशेब कसा करावा?

किलोमीटर मोजू नयेत, सकाळी नऊची वेळ मोजावी. कामावर जाण्याच्या दिवशी, ज्या वाहनाने रोज जाणार त्याच वाहनाने, त्या भागातून कार्यालयापर्यंत प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि संध्याकाळी परतही यावे. एका बाजूचे २२ किलोमीटर दुचाकीने जायचे असेल, तर रोज साधारण एक लिटर पेट्रोल लागते, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. वेळेचा खर्च याहून मोठा आहे. जाताना सव्वा तास आणि येताना दीड तास लागत असेल, तर महिन्याकाठी सुमारे ६५ तास रस्त्यावर जातात. दर कमी आहे म्हणून तीन लाख वाचवून वाघोलीत घर घेणे आणि नोकरी हिंजवडीत असणे, हा सौदा मला कधीच पटलेला नाही. नगर रस्त्यावरच्या किंवा खराडीतल्या नोकरदाराला तेच घर उत्तम ठरू शकते. दोघेही नोकरी करत असतील, तर जिची किंवा ज्याची नोकरी बदलण्याची शक्यता कमी, तिच्या ठिकाणाला झुकते माप द्यावे.

पूररेषा आणि रेडझोन म्हणजे काय, आणि ते कसे तपासावे?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर घेण्याचा विचारही करू नये. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. त्यात राहणाऱ्या माणसांनी पैसे मोजले होते, संसार मांडले होते, आणि तरीही त्यांना उभ्या पावसाच्या तोंडावर बाहेर पडावे लागले. मुठेकाठच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ रोजी घरांत पाणी शिरले. नदी दूर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार उडवला तो कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने. ओढा, नाला कोठे आहे आणि तो कोठे वळवला किंवा बुजवला आहे, हे जुन्या रहिवाशाला विचारावे.

रेडझोन म्हणजे लष्कराच्या दारूगोळा साठ्याभोवतीचे बांधकामबंदीचे क्षेत्र. देहूरोड आणि दिघी येथील साठ्यांमुळे तळवडे, चिखली, निगडी, किवळे, भोसरी, दिघी या परिसरांतील काही भाग त्यात येतात. त्याच गावातील दुसरा भाग पूर्णपणे निर्धोक असू शकतो, म्हणून गावाच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढावा. पूररेषा, आरक्षण आणि प्रस्तावित रस्ता या तिन्ही गोष्टी तेथे समजतात.

रेरा क्रमांक आहे, म्हणजे सगळे ठीक आहे ना?

रेरा नोंदणी, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालील प्रकल्पाची नोंदणी, ही आवश्यक बाब आहे, ती हमी नव्हे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ती बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकल्यावर ताब्याची मूळ तारीख, मिळालेली मुदतवाढ, मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा आणि चालू दावे दिसतात. मुदतवाढीचा रकाना आधी पाहावा. नोंदणीकृत करारनामा करण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. ‘आज वीस टक्के भरा, उद्या दर वाढणार’ असे कोणी म्हटले, तर खुर्चीवरून उठावे. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारीही बिल्डरवर आहे.

जमिनीचे मूळ मात्र स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावे. तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारा, फेरफार, बिनशेतीची परवानगी आणि जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना, हे त्याला पाहू द्यावे. बिल्डरने सुचवलेला वकील घेऊ नये.

गुंठ्यात बांधलेल्या इमारतीत निम्म्या किमतीत सदनिका मिळते. ती घ्यावी का?

घेऊ नये. एक-दोन गुंठ्यांवर, म्हणजे हजार-दोन हजार चौरस फुटांवर, परवानगीशिवाय पाच मजले उभे केलेल्या अशा इमारती दोन्ही शहरांच्या कडेला खूप आहेत. मोठ्या बँका तिथे कर्ज देत नाहीत, म्हणून जमवलेली सगळी पुंजी एकरकमी ओतावी लागते. विकायचे झाल्यास पुढच्या माणसालाही कर्ज मिळत नाही. ‘पुढे नियमित होईल’ या एका वाक्यावर आयुष्याची कमाई लावू नये. त्याच पैशांत मंजुरी असलेले एका खोलीचे जुने घर मिळत असेल, तर ते लहान घर अधिक चांगले.

नवे घर घ्यावे की पुनर्विक्रीचे?

चांगला भाग आणि मर्यादित पैसा अशी स्थिती असेल, तर मी पुनर्विक्रीकडे झुकतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरावे लागत नाहीत आणि पाणी, शेजार, पार्किंग डोळ्यांनी पाहता येते. तपासायचे ते एवढे : भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, विक्रेत्याचे कर्ज फिटल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचे संस्थेचे नादेय प्रमाणपत्र आणि जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे का. शेवटची बाब झालेली नसेल, तर व्यवहार लगेच मोडू नये, परंतु पुनर्विकासाच्या वेळी ती आड येते, हे जाणून दर ठरवावा.

खरा बाजारभाव कसा कळेल?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून सूची क्रमांक दोन पाहता येते. त्याच इमारतीत किंवा शेजारी अलीकडे झालेल्या नोंदणीकृत व्यवहारांच्या रकमा तीत असतात. चार-पाच व्यवहार पाहिले की एजंटने सांगितलेला दर आणि प्रत्यक्षातला दर यांतले अंतर समजते. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. करारातील रक्कम त्याहून कमी असली, तरी शुल्क रेडी रेकनरवरच पडते. तुलना नेहमी चटई क्षेत्रावर करावी.

सरकारी योजनेतून घर मिळू शकते का?

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्ज जरूर करावा. मोठ्या खासगी प्रकल्पांत २० टक्के लहान घरे अल्प उत्पन्न गटासाठी राखून ती म्हाडामार्फत द्यावी लागतात, त्यामुळे वाकड-पुनावळ्यासारख्या भागातही बाजारभावापेक्षा कमी किमतीत घर लागू शकते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास व्याज अनुदान मिळते. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत जमा होते. देशात कोठेही स्वतःचे पक्के घर नसावे, ही अट आहे.

दोन भाग पसंत आहेत आणि निर्णय होत नाही. काय करावे?

ज्या भागाकडे मन अधिक ओढते, तेथे अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहावे. दर वाढतील ही भीती खरी आहे, पण चुकीच्या जागी घेतलेले घर दोन-तीन वर्षांत विकायचे झाल्यास भरलेले मुद्रांक शुल्क परत मिळत नाही. मुक्कामात एक पावसाळा आणि एक मे महिना आला पाहिजे. माझ्या धाकट्या मावसभावाने आंबेगावात असेच केले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याने पसंत केलेल्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी गुडघाभर पाणी साचले आणि त्याची बायको गाडी ढकलत रस्त्यावर आली. चारशे मीटर वरच्या चढावरची दुसरी इमारत मात्र कोरडी होती आणि तिचा दर चौरस फुटामागे दीडशे रुपयांनी जास्त होता. त्या दोघांनी चढावरचे घर घेतले.